वरच्या मजल्यावरचा आरोपी

दोस्तांनो, परवा जळगावहून एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला ताईकडे गेलो. देवपुरातल्या त्यांच्या दुमजली घरात पाय ठेवतो न ठेवतो तोच दाजींची तक्रार! "तुमच्या भाच्याने वाय-फाय बिघडवलं. वरच्या मजल्यावर सारखं तुटतं."

सातवीतला भाचा तोंड पाडून उभा. "मामा, मी हातसुद्धा लावला नाही हो!"

"काय व्हयनं रे भाऊ?" आजींनी विचारलं आणि निकालही दिला, "भिंती जाड आहेत ना!"

मी भाच्याला वही दिली. "केव्हा तुटतं, कुठे तुटतं, दोन दिवस लिहून काढ. निकाल मग."

वहीत तीन गोष्टी सापडल्या. एक, खाली काहीच त्रास नाही. दोन, वर मोबाइल जोडलेला दिसतो, पण नेट नसतं. मग तो वाय-फाय सोडून देतो. तीन, वरच्या राउटरला वायरने जोडलेला कॉम्प्युटरही तसाच अडतो. आता सांगा, वायरला भिंत कशी अडवणार? भिंती निर्दोष सुटल्या!

घरात राउटर दोन. खालच्याला बाहेरची लाइन, वरचा त्याला वायरने जोडलेला. वरच्याने फक्त पुलाचं काम करायचं, इकडचं तिकडे पोचवायचं. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक मिळतो आणि बाहेर जायचं दार सांगितलं जातं. क्रमांक वाटायच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. ती १९९३ साली ठरली. हे काम घरात एकानेच करायचं. एका वर्गात दोन बाई हजेरी क्रमांक वाटू लागल्या तर? एकच क्रमांक दोघांना! त्यात वरचा राउटर सांगत होता, "दार माझ्याकडे आहे." तिथे तर दारच नाही! ज्याचं उत्तर आधी येईल, त्याचं मोबाइल ऐके. म्हणून कधी चाले, कधी नाही.

पण हे सुरू कधी झालं? वहीत लिहिलं होतं, 'रविवारपासून.' दाजी डोकं खाजवू लागले. "रविवारी मीच वरच्याचं फर्मवेअर अपडेट केलं..."

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या पोटातला, त्याला चालवणारा प्रोग्रॅम. तो नवा भरताना नाव-पासवर्ड तेच राहिले, पण बंद ठेवलेलं डीएचसीपी पुन्हा चालू झालं. दाजींनीच ते बंद केलं, सगळी यंत्रं बंद करून पुन्हा सुरू केली. नेट सुरळीत!

दाजी भाच्याला जवळ घेऊन म्हणाले, "चुकलं रे माझं." रात्री ताईने शेवभाजी केली. ती जास्तच चवदार लागली.

तुमच्याकडे असं झालं तर तीन प्रश्न विचारा: कुठे तुटतं? वायरनेही अडतं का? त्याआधी काय बदललं? अपडेट करण्यापूर्वी सेटिंग वहीत उतरवून ठेवा, आणि राउटरला हात लावायचा तो घरच्या मोठ्यांना सोबत घेऊनच.

आणि मोठ्यांनो, आरोप करण्याआधी वही बघा हं!