शास्त्राधार दाखवा!

पंडिता रमाबाईंचा विषय निघाला की आपल्या मंडळींत दोन ठराविक मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, त्या थोर समाजसुधारक होत्या. धर्मांतर तेवढे विसरावे. कोणी म्हणतो, त्या मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले झाल्या. आमचे स्पष्ट मत असे की, या दोन्ही पक्षांनी रमाबाई वाचलेल्याच नाहीत.

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे दोनच वर्षांत त्यांचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून तीव्र वाद झाला. त्रैक्याचा सिद्धांत, अथेनेशियसचा मतांगीकार, चर्चचा अधिकार यांना बायबलात आधार कोठे आहे, असे त्या विचारीत होत्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून दुसऱ्याचे मानेवर घेणे त्यांना मान्य नव्हते. बाहुले असे प्रश्न विचारीत नसते!

ही वृत्ती त्यांनी विलायतेत उचलली नव्हती. त्यांचा जन्म १८५८ साली, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात, आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेरील मराठी घरात झाला. पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना धर्माधिकाऱ्यांनी जाब विचारला, तेव्हा त्यांनी ग्रंथांतील आधारच पुढे ठेवले. कन्येने तीच कसोटी नव्या धर्माला लावली.

परंतु आधार मागणाऱ्याला मूळ ग्रंथ वाचता आला पाहिजे. म्हणून रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. मराठी बायबल आधीही होते. पण त्यातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील स्त्रीला अवघड जात आणि मूळ अर्थात परका तत्त्वविचार मिसळतात, असे त्यांना वाटे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे भाषांतर रूक्ष व शब्दशः आहे, असा आक्षेप घेतला जातो. असेल, परंतु लालित्य हा त्याचा हेतूच नव्हता. वाचणाऱ्या बाईने उपदेशकाचे म्हणणे स्वतः पडताळून पाहावे, हा हेतू होता. गीतेचा अर्थ मराठीत आणल्याबद्दल ज्ञानदेवांना वंदन करणाऱ्या आपण, त्याच जातीचे हे धाडस केवळ ग्रंथ परधर्माचा म्हणून नजरेआड करावे काय?

आम्ही ख्रिस्ती नाही, धर्मांतराचे पुरस्कर्तेही नाही. तथापि कोणत्याही धर्मातील उपदेश मुकाट्याने न स्वीकारता त्याचा आधार मागावा, आणि तो आपल्या भाषेत मागावा, ही मराठी परंपरा आहे. त्या परंपरेच्या इतिहासात रमाबाईंच्या बायबलाला एका ओळीची नव्हे, एका प्रकरणाची जागा मिळाली पाहिजे.