कोल्हापूर कोणाच्या हातांनीं उभें राहिलें?

पंचगंगेच्या कांठच्या कोल्हापूर शहराची थोरवी गाणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाहीं. कोणी त्यास दक्षिण काशी म्हणतो, कोणी करवीर क्षेत्राचें माहात्म्य सांगतो, कोणी राजवाड्यांचें वर्णन करितो. सुटीच्या दिवसांत तर मोटारी भरभरून लोक येतात, अंबाबाईचें दर्शन घेतात, रंकाळ्यावर फिरतात, तांबडा-पांढरा रस्सा चापतात, चपलांचा एक जोड बांधून घेतात आणि परत जातात. येणाऱ्यांनीं खुशाल यावें. त्यांच्या येण्यानें रिक्षावाल्याची, फुलवालीची आणि खाणावळवाल्याची चूल पेटते. परंतु हें शहर कोणी उभारलें, कोणाच्या घामावर तें चालतें आणि त्याच्या वैभवाचा वांटा कोणाच्या पदरांत पडतो, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं. तो आज आम्ही विचारणार आहों.

प्रथम मूळ पाहूं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्यांचें पाणी प्रयाग चिखलीपाशीं एक होतें. पांचवी सरस्वती गुप्त आहे अशी लोकांची समजूत. या पाण्याच्या आधारानें वस्ती झाली. नदीकांठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ सालीं उत्खनन झालें, त्यांत सातवाहनांच्या काळचीं घरें सांपडलीं. तेथेंच ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, एक लहानशी ब्रांझची मूर्ति मिळाली. ती टाउन हॉलच्या संग्रहालयांत कोणासही पाहतां येते. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं या गांवाचा दूरदेशींच्या व्यापाराशीं संबंध होता, हें यावरून दिसतें. व्यापार म्हटला कीं माल आला, आणि माल म्हटला कीं तो पिकविणारा, विणणारा, घडविणारा व बैलांवर लादून घाट उतरविणारा माणूस आला. पोथ्यांत त्याचें नांव नाहीं, पण मातींत त्याच्या हातचीं मडकीं आहेत.

देवळाचेंही तसेंच. अंबाबाईच्या देवळाचे काळ्या दगडाचे खांब ज्या पाथरवटांनीं घडविले, त्यांतील एकाचेंही नांव माहात्म्य सांगणाऱ्यास ठाऊक नसतें. वर्षांतून दोनदां, नोव्हेंबरांत आणि जानेवारीअखेरीस, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून आंत शिरून देवीच्या पायांपासून मुखापर्यंत चढतात. लोक त्यास चमत्कार म्हणतात. आम्ही त्यास पाथरवटाचें आणि गवंड्याचें गणित म्हणतों. ज्याला शाळेचा उंबरठा दिसला नाहीं, त्यानें सूर्याची वाट दगडांत बांधून दाखविली!

आजचें कोल्हापूर मात्र खरें उभें राहिलें तें छत्रपति शाहू महाराजांच्या कारकीर्दींत. १८९४ सालीं त्यांनीं कारभार हातीं घेतला आणि पुढच्याच वर्षीं शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. १८९१ सालीं मिरजेहून रेल्वे आली होतीच. तिच्या जोरावर या पेठेंतून कोल्हापुरी गूळ देशभर जाऊं लागला. १९०२ च्या जुलैंत मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या नोकऱ्या राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. जातीजातींच्या मुलांसाठीं वसतिगृहें निघालीं. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम झाला. भोगावतीवर राधानगरीचें धरण सुरू झालें. तें पैशाअभावीं अडलें आणि महाराजांच्या पश्चात्, १९५० नंतरच्या दशकांत पुरें झालें. खासबागचें कुस्तीचें मैदान १९१२ सालीं तयार झालें. त्याची रचना अशी खोलगट कीं शेवटच्या रांगेंतील शेतकऱ्यासही पैलवानाची पकड दिसावी. राजा जेव्हां रयतेच्या सोयीचा विचार करितो, तेव्हां मैदानाचा उतारसुद्धां बदलतो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

बाहेरच्या पाहुण्यांस दाखविली जात नाहीं अशी एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. ती म्हणजे कोल्हापुरी बंधारा. नदींत दगडी खांब उभारावयाचे, त्यांस खांचा ठेवावयाच्या, पावसाळा सरला कीं त्या खांचांत बरगे बसवून पाणी अडवावयाचें आणि पुढील पावसाळ्यापूर्वीं ते काढून घ्यावयाचे. पुराचें पाणी व गाळ मोकळा वाहून जातो, पाणी नदीच्या पात्रांतच राहतें, कोणाची जमीन बुडत नाहीं. हा बंधारा या शहराच्या नांवानें सगळ्या महाराष्ट्रांत ओळखला जातो. त्याच्याच पाण्यावर ऊंस उभा राहिला, गुऱ्हाळें चाललीं, पुढें साखर कारखाने आले.

कारागिरांचें तर विचारूंच नका. कारागिराच्या घरांतील बाबूराव पेंटर यांनीं आपल्या साथीदारांसह स्वतः कॅमेरा घडवून बोलपट येण्यापूर्वींच्या काळांत चित्रपट काढले. १९२९ सालीं प्रभात कंपनी याच गांवांत जन्मली. शिवाजी उद्यमनगरांतील लोहारसुतारांच्या पोरांनीं ऑइल इंजिनें बनविलीं आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर पाण्याचा पंप बसविला. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचा आवाज देशभर ऐकूं येतो. आमच्या चर्मकार बंधूंची चप्पल बाभळीच्या सालींत व हिरड्यांत कमावलेल्या कातड्याची, खिळा न मारतां वादीनें शिवलेली असते. तिची वेणी घरच्या बायका घालतात.

आतां वांट्याचा हिशेब करूं. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास आणि २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें. कागद हातीं आला. तरीही २०२५ च्या जूनमध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा कंपनीनें अगदीं तशाच चपला आपल्या म्हणून मिरविल्या व कोल्हापूरचें नांवही घेतलें नाहीं. इकडे ओरड झाली, तेव्हां मूळ कारागिरी हिंदुस्थानची असें तिनें मान्य केलें. परदेशी कंपनीस दोष देणें सोपें आहे. परंतु आपल्याच बाजारांत यंत्रावर काढलेली नकली चप्पल कोल्हापुरी म्हणून विकली जाते, परगांवचा गूळ कोल्हापुरी म्हणून खपतो, तेव्हां कोण ओरडतो? काहिलीपुढें उभा राहून भाजणारा गुळव्या आणि अंधाऱ्या खोलींत वादी ओढणारा चर्मकार यांच्या हातीं मजुरी पडते. नांवाची किंमत दुसराच घेतो.

आणि ज्या नदीनें हें सर्व दिलें तिची दशा काय? शहराची घाण जयंती नाल्यांतून तिच्यांत येते. शुद्धीकरणाचें केंद्र बांधलें, पण सगळें सांडपाणी तेथवर पोंचत नाहीं. खालीं इचलकरंजीकडे कापड रंगविणाऱ्या कारखान्यांचें पाणी मिळतें, कांठच्या साखर कारखान्यांची मळी मिळते, उन्हाळ्यांत मासे मरून तरंगतात. २०१२ सालीं इचलकरंजींत काविळीची सांथ आली व माणसें दगावलीं. वरच्या गांवानें घाण सोडावयाची आणि खालच्या गांवच्या गरिबानें ती प्यावयाची, हा कोठला न्याय? ज्यास विकतचें पाणी परवडतें त्यास नदीची फिकीर नाहीं.

पुराचा हिशेबही असाच. राजाराम बंधाऱ्यापाशीं धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही सालीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. चिखली-आंबेवाडीच्या लोकांनीं गुरेंढोरें घेऊन घरें सोडलीं, ऊंस कुजला. पाऊस अतोनात पडला हें खरें. पण नदीच्या हद्दींत भराव टाकून इमारती उठविणारा शेतकरी नव्हता, नाले बुजविणारा कुंभार नव्हता. नफा एकाचा, बूड दुसऱ्याची.

तेव्हां बंधुभगिनींनो, शहराच्या स्तुतीनें भुलूं नका. गांवोगांवच्या ग्रामसभांत पंचगंगेच्या पाण्याचा प्रश्न घ्या, वरच्या-खालच्या गांवांनीं एक होऊन कारखान्यांस व नगरपालिकांस जाब विचारा. पुराच्या रेषेच्या आंत उठणाऱ्या प्रत्येक भिंतीबद्दल लेखी हरकत नोंदवा. गूळवाल्यांनीं व चर्मकारांनीं आपापल्या सहकारी संस्था उभाराव्या, मानांकनाचा कागद कपाटांत न ठेवतां त्याचा शिक्का आपल्या मालावर मारावा. मुलांस हातचा धंदा शिकवाच, पण त्याबरोबर जमाखर्च आणि कायदाही शिकवा. मुलींस तर आधीं. जी बाई चपलेची वेणी घालते, तिला त्या जोडाची बाजारांतली किंमत ठाऊक असलीच पाहिजे.

कोल्हापूर अंबाबाईचें आहे, छत्रपतींचें आहे, हें आम्हांस मान्य आहे. तें आधीं त्याच्या नदीचें आणि राबणाऱ्या हातांचें आहे. हे हात ज्या दिवशीं आपला हिशेब मागूं लागतील, त्या दिवशीं या शहराचें वैभव खऱ्या धन्याच्या घरीं पोंचेल.