सुनेच्या ताटात मासा का नाही?

गेल्या रविवारी आम्ही घरची आठ माणसे भिगवणला जाऊन आलो. बेंबळीहून पहाटे निघालो आणि बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर करीत जेवणाच्या वेळेआधी पोहोचलो. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याचे पाणी इथवर पसरले आणि भिगवणची मासळी दूरवर प्रसिद्ध झाली. बाजारात चिलापी, रोहू, कटला, मरळ यांचे ढीग होते.

एका खानावळीत बसलो. सर्वांपुढे माशाची ताटे आली. पुतण्याच्या बायकोपुढे मात्र बटाट्याची भाजी आणि भात. तिला पाचवा महिना आहे आणि हिमोग्लोबिन साडेआठ. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, तिला नको. मासा उष्ण पडतो, पोटातल्या जिवाला बाधतो."

चार माणसांत काय बोलायचे, म्हणून मीही क्षणभर गप्प बसलो. ते माझे चुकलेच. शेवटी माझ्या पत्नीने आपल्या ताटातली तुकडी काटे काढून तिला वाढली, तेव्हा मला कंठ फुटला. जे तिथे सांगितले, तेच इथे लिहितो.

वाचकहो, गरोदरपणी हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले की त्याला आम्ही रक्तक्षय म्हणतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना तो आढळला. अशा बाईला बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो. मूल कमी वजनाचे होण्याची भीती असते, ती वेगळीच. नीट शिजवलेला मासा उष्ण पडून गर्भाला बाधतो, याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. उलट त्यात उत्तम प्रथिने असतात, आणि सोबत खाल्लेल्या पालेभाजी-डाळीतले लोहही त्यामुळे अंगी अधिक लागते.

पथ्य पाळायचे तर ते असे पाळा. मासा ताजा घ्या. डोळे स्वच्छ व फुगीर, कल्ले लाल, आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर आले पाहिजे. तळलेल्यापेक्षा रस्सा बरा. कच्चट मुळीच नको. पुण्याकडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व पुढे उजनीत येते. शिजवल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. म्हणून आतडी पूर्ण काढून टाका आणि नेहमी एकाच पाण्यातला मासा खाऊ नका. मुशीसारखे मोठे समुद्री मासे गरोदर बाईने टाळावेत. आठवड्यातून एक-दोन वेळा मासा पुरे.

मासा खाल्ला म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र सोडू नयेत. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. गोळीसोबत चहा घेऊ नये. माळकरी घरात मटकी, शेंगदाणे, पालेभाजी वाढा आणि वर लिंबू पिळा.

सहलीला गाडी करून आपण शंभर कोस जातो, हौसेने पैसे खर्च करतो. पण घरात ज्या जिवाला सकस अन्नाची सर्वांत जास्त गरज, तिचेच ताट रिकामे ठेवतो. आज जेवायला बसाल तेव्हा आधी सुनेच्या ताटाकडे पाहा. मग आपला घास उचला.