मीटरवरचा अंधार

गेल्या पावसाळ्यातील एका रात्रीची गोष्ट. खानापूरच्या पलीकडे, लोंढ्याच्या वाटेवरील एका वाडीवर आजारी असलेल्या वृद्धेला भेटून आम्ही आपल्या जुन्या व्हॅनमधून परत येत होतो. पाऊस खानापूर तालुक्यातला. त्याला मुसळधार म्हणणेही थोडेच. एवढ्यात मागून एक ट्रक आला, कर्कश भोंगा वाजवीत बाजूने पुढे गेला आणि थांबला. चालक उतरून तावातावाने आमच्याकडे आला. "अहो, मागं एकसुद्धा दिवा नाही तुमच्या गाडीला! अंगावरच आलो असतो की!" मग खिडकीतून आमचा झगा दिसताच तो जरा वरमला. "फादर, तुम्ही होय? पण दिवा नाही तो नाहीच."

आमच्या व्हॅनच्या मीटरवरील दिवे दोन महिन्यांपासून बंद होते. वेग दाखविणारा काटा, पेट्रोलचा काटा, हवेच्या व पंख्याच्या खटक्यांवरील खुणा, सारे रात्री काळेकुट्ट. आम्ही ते मनावर घेतले नव्हते. शेजारी बसलेला एखादा मुलगा बॅटरी धरी, आणि आमचे भागे. पुढचे मोठे दिवे लागत होते, ब्रेक दाबला की मागचा लाल दिवाही लागत होता. म्हणून कोणाच्याच काही लक्षात आले नाही. पुष्कळ गाड्यांत मीटरवरील दिवे आणि मागचे रात्रीचे लाल दिवे यांना वीज एकाच फ्यूजमधून मिळते, ही गोष्ट आम्हांस त्या ट्रकचालकाच्या रागावण्यानंतर कळली. मीटरवरचा अंधार आपल्याला दिसतो. पाठीमागचा अंधार मागून येणाऱ्यालाच दिसतो.

मारुतीची व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. पण तिच्यासारख्या जुन्या गाड्या आमच्या भागात अजून भाजी, माणसे आणि लग्नाची वऱ्हाडे वाहत आहेत. आमची गाडी कोणत्या कंपनीची, याला येथे महत्त्व नाही. दोष वयाचा होता, आणि थोडा आमच्या आळसाचा.

दुसऱ्या दिवशी गावातील वायरमनला बोलावले. त्याने दिव्याची कळ पहिल्या टप्प्यावर ठेवली आणि एका पोराला मागे उभे केले. वाचकहो, जुनी गाडी बाळगणाऱ्याने पहिली परीक्षा हीच करावी. मीटर आणि मागचे लाल दिवे दोन्ही बंद असतील, तर आधी फ्यूज पाहावा. मागचे दिवे लागत असून मीटरच काळे असेल, तर दोष बहुधा बल्बात, होल्डरात किंवा मीटरचा प्रकाश कमीजास्त करणाऱ्या बटणात असतो. ते बटण वर्षानुवर्षे एकाच जागी राहून आत गंजते. कधी कधी चार वेळा मागेपुढे फिरविल्यानेच दिवे उजळतात.

आमचा फ्यूज जळालेला निघाला. नवा घातला, तोही कळ फिरविताच गेला. जवळ उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी सुचविले, "फादर, तांब्याची तार गुंडाळा, पुन्हा म्हणून जायचा नाही." खरे सांगायचे तर आम्ही क्षणभर मोहात पडलो. वायरमनने मात्र साफ नकार दिला. फ्यूजच्या रंगावरून त्याची ताकद कळते: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. कमी ताकदीचा फ्यूज जळाला म्हणून मोठा बसविला किंवा तार गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूज न जळता आतली वायर जळते. आणि अनेक व्हॅनमध्ये इंजिन व पेट्रोलची नळी चालकाच्या बैठकीपासून फार दूर नसतात!

त्याने एकेक बल्बची वायर सुटी करून पाहिली. शेवटी हवेच्या खटक्यांमागील इवल्याशा बल्बची वायर सापडली. ती लोखंडी पट्टीच्या कडेवर वर्षानुवर्षे घासून उघडी पडली होती आणि खड्ड्याखड्ड्याला पट्टीला टेकत होती. तिच्यावर नवे आवरण चढविले, पट्टीपासून दूर बांधली, आणि फ्यूज टिकला. मागचे लाल दिवे लागले. पोर मागून ओरडले, "लागले, फादर!"

मीटर मात्र अर्धे काळेच. तेव्हा बॅटरीची ऋण बाजू सोडवून मीटर बाहेर काढले. ते जोराने ओढू नये. मागे वेगाच्या काट्याची केबल असते, तिची खीळ दाबून ती आधी सोडवावी लागते. मागील बाजूस प्लास्टिकचे छोटे होल्डर असतात. पाव वेढा फिरविला की हातात येतात, आणि बल्ब सरळ ओढला की निघतो. दोन बल्बांच्या काचा आतून काळ्या पडल्या होत्या. तार झिजून तिचा धातू काचेवर बसला होता. तिसरा बल्ब चांगला होता, पण होल्डरच्या पितळेवर पावसाळी दमटपणाने हिरवट कीट चढले होते. ते शाळेतील खोडरबराने घासताच दिवा लागला. तेथे जाड घासकागद लावू नये. मागच्या पातळ पट्टीवरील तांब्याच्या रेघा तेवढ्याने तुटतात.

अधिक उजेडासाठी मोठे बल्ब घालावेत, असे आमच्या मनात होते. वायरमनने पुन्हा अडविले. तीन वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर पाव अँपिअर वीज घेतो. त्याहून मोठ्याची उष्णता प्लास्टिकला सोसत नाही. एलईडी तापत नाही, पण तो उलट बसला तर लागतच नाही. तेव्हा काढून फिरवून घालावा. शिवाय अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. समोरच पांढराशुभ्र झगमगाट असला, तर रस्त्यावरचे गुरू दिसायचे कसे? आम्ही साधेच बल्ब घातले.

त्या संध्याकाळी गाडी बाहेर काढली, तेव्हा मीटर मंद पिवळसर उजळले होते. वेगाचा काटा दिसला, खटक्यांवरच्या खुणा दिसल्या, आणि पेट्रोलचा काटाही दिसला. तो अगदी तळाला टेकला होता. आम्ही गाडी तशीच मागे वळविली.