भाजी खा, पण कशी?

तीस वर्षांच्या व्यवसायात 'हिरव्या भाज्या भरपूर खा' हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. मधुमेह, रक्तदाब, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, स्थूलता. व्याधी कोणतीही असो, चिठ्ठीच्या तळाशी ते वाक्य ठरलेले. मात्र ते अमलात कसे आणावे, हे मी एकदाही सांगितले नव्हते. मलाच ते ठाऊक नव्हते, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने कबूल करणे मला आवश्यक वाटते.

मला जागे केले ते इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी. वय 77. पत्नी दीड वर्षापूर्वी गेल्या, मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. वजन 6 किलोंनी उतरलेले, हिमोग्लोबिन 9. रक्तस्राव कोठून होत नाही ना, हे पाहून झाले. बी-12 कमी निघाले, त्याची इंजेक्शने सुरू केली. आहाराची चौकशी केली तेव्हा कळले की सकाळी शेव घातलेले पोहे, दुपारी चहा-टोस्ट आणि रात्री दूध-पोळी, एवढाच त्यांचा दिनक्रम. मी सवयीने माझे वाक्य म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खाईन की. पण ती करतात कशी, तेवढे सांगा. पन्नास वर्षे ताटात वाढलेली खाल्ली. आता मंडईत जातो, मेथीची जुडी हातात घेतो आणि परत ठेवून येतो."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. घरी आल्यावर पत्नीला विचारले. ती म्हणाली, "भाज्या वीस असतील, पण रोजच्यापुरत्या करण्याच्या रीती तीनच. त्या आल्या की झाले." त्या आठवड्यात मी तिच्या देखरेखीखाली तिन्ही शिकलो.

पहिली रीत पीठ पेरून करण्याची. दोन लहान चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी करावी. पाव किलो चिरलेली भाजी, तिखट व मीठ घालून झाकण ठेवून वाफ आणावी. मग तीन मोठे चमचे बेसन वरून पेरून, पाण्याचा हबका मारून, पुन्हा पाच मिनिटे झाकावे आणि परतावे. मेथी, कांद्याची पात, भोपळी मिरची, कोबी, मुळ्याचा पाला, सर्वांना हीच कृती. दुसरी रीत डाळ घालून करण्याची. अर्धी वाटी मुगाची डाळ अर्धा तास भिजवावी, त्याच फोडणीवर दुधी, घोसाळे किंवा पालक यांच्याबरोबर घालावी आणि थोड्या पाण्यात झाकून शिजवावी. तिसरी रीत दह्यातली. काकडी, गाजर किंवा बीट किसून, नाहीतर लाल भोपळा उकडून, त्यात दही, दाण्याचे कूट, मीठ आणि जिऱ्या-मिरचीची फोडणी. कोशिंबीर किंवा भरीत तयार.

माझे मत असे की, आपण रुग्णांना भाज्यांची यादी देतो ती चुकीची आहे; द्यायला हवी ती रीत. यादीतील एखादी भाजी बाजारात नसली की यादी निरुपयोगी ठरते. रीत अंगवळणी पडली की मिळेल ती भाजी चालते. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान 400 ग्रॅम भाज्या व फळे खाण्यास सांगते. एकट्या राहणाऱ्या माणसाला हा आकडा पाठ असून भागत नाही, त्याला कढई हाताळता आली पाहिजे.

काही व्यवसायबंधू म्हणतील की हे काम आहारतज्ज्ञांचे, आणि बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत स्वयंपाक कसा शिकवावा? आक्षेप रास्त आहे. पण मधुमेही रुग्णाला इन्शुलिन कसे टोचावे, हे आपण वेळ काढून दाखवतोच ना? शिवाय कृतीबरोबर जे सांगायचे, ते आपल्यावाचून कोण सांगणार? पालेभाजीवर लिंबू पिळल्याने लोहाचे शोषण वाढते, जेवणाला लागून चहा घेतल्याने घटते. भाजी उकळून पाणी फेकले तर फोलेटही त्याबरोबर जाते. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवे. भाजीने बी-12 मिळत नाही. मूत्रपिंडविकारात पोटॅशियम पाहून भाजी निवडावी लागते आणि वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजीचे प्रमाण एकाएकी बदलू नये.

आपल्या गावी आणखी एक अडचण आहे. माळव्यात कैक पिढ्या काढूनही आपल्या घरांत भाज्यांची नावे मराठीच राहिली. 'चाकवत' शोधणाऱ्याला समोरचा 'बथुआ' दिसत नाही, आणि ठेल्यावरची 'गिलकी' म्हणजे आपले घोसाळेच, हे नव्याने मंडईत जाणाऱ्या आजोबांना कोणी सांगत नाही. म्हणून संस्थेपुढे दोन सूचना ठेवतो. या तीन रीती आणि भाज्यांची मराठी व हिंदी नावे असलेले एक पानी पत्रक प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात असावे. आणि वार्षिक संमेलनात व्याख्यानांपैकी एक तास कमी करून तेथे शेगडी मांडावी. शिकवायला आपल्या घरच्या भगिनी आहेतच. शिकायला मात्र पुरुषांनी, विशेषतः साठी ओलांडलेल्यांनी यावे. सहचारिणी गेल्यावर कढई प्रथमच हातात धरण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

ते शिक्षक तीन महिन्यांनी तपासणीस आले. वजन 2 किलोंनी वाढले होते, हिमोग्लोबिन 11 वर आले होते. श्रेय इंजेक्शनांचेही आहे, हे मी जाणतो. पिशवीतून त्यांनी स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. कांद्याच्या पातीची पीठ पेरलेली भाजी होती. चव उत्तम होती, मीठ किंचित जास्त. रक्तदाबाची गोळी चालू असल्याने तेही मी त्यांना सांगितले.