पान्याची पूजा आणि पाना धरणारा हात

डॅलसजवळ राहणारा माझा भाचा घराच्या मागच्या जागेत नवं गॅरेज बांधतोय आणि त्यात गाडी वर उचलायची लिफ्ट बसवणार आहे. ही बातमी आल्यापासून आपल्या नातेवाइकांत जी टवाळी चाललीय, तिला हे माझं जाहीर उत्तर समजा. "एवढं शिकून शेवटी फिटरच व्हायचं होतं का?" हे वाक्य मी तीन घरांत ऐकलं. तिन्ही घरांत खंडेनवमीला पाना-पक्कड पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात, बरं का! पान्याची पूजा चालते. पाना धरणारा हात घरातला नको, एवढंच.

हे दुखणं जुनं आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. आपण काय केलं? वेळापत्रकात तास ठेवला आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताच्या सरांना देऊन टाकला. मुलांना त्यातून जे शिकायचं ते ती बरोबर शिकली!

असो. दुसरा आक्षेप भावजयीचा. "गाडी अंगावर पडली तर?" वहिनी, ही काळजी खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण जिवावरचं काम कोणतं, तर नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली सरकणं. आतलं सील गेलं की जॅक बसतो, म्हणून तर वर स्टँड लावायचे असतात. दोन खांबांच्या लिफ्टमध्ये गाडी हवी तितकी वर गेली की ती पोलादी खिट्ट्यांवर टेकवतात. मग भार तेलाच्या दाबावर राहत नाही. आणि माणूस गाडीखाली उभा असतो, उताणा झोपलेला नसतो.

खरी गोम जमिनीत आहे. टेक्ससमध्ये बऱ्याच घरांच्या पायाच्या काँक्रीटमध्ये पोलादी तारा ताणून ठेवलेल्या असतात. खांबाच्या बोल्टसाठी भोक पाडताना अशी तार तुटली, तर ती केवढ्या जोराने सुटेल याचा नेम नाही, आणि पायाही कमजोर होतो. म्हणून जुन्या गॅरेजात त्याने एकही भोक पाडलं नाही. नव्याला वेगळा पाया. बऱ्याच लिफ्टना ४ इंच जाड काँक्रीट पुरतं म्हणतात, हा ६ इंच घालतोय आणि ओतल्यावर २८ दिवस थांबणार आहे. नेहमीच्या गॅरेजचं छत ८-९ फुटांवर असतं. गाडी डोक्यावर घ्यायची तर ते अपुरं, म्हणून याचं १२ फूट. लिफ्टची ताकद १०,००० पौंड, म्हणजे साधारण साडेचार हजार किलो. हे सगळं त्याने आधी कागदावर काढलंय, मग खरेदीचं बघणार. आपल्याकडे बंगला बांधून झाल्यावर जिना कुठे घ्यायचा याची चर्चा होते, ते आठवा!

"तेच पैसे पुण्यात फ्लॅटमध्ये घाल" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? कुलूप लावून ठेवायला आणखी एक घर? पैसे त्याचे, कष्ट त्याचे, रविवारही त्याचाच.

तेव्हा वहिनी, पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा त्याला "हे कसले डोहाळे" असं विचारू नका. काँक्रीट कधी ओततोयस, ते विचारा.