गाडी परत जाईपर्यंत चालवावी का?

सदोष गाडी कंपनी परत घेणार असे कळल्यावर ती रोज मच्छे ते बेळगाव चालवावी की दारात उभी ठेवावी, असे काही सभासद विचारतात. बँकेत वाहनकर्जे हाताळल्यामुळे आम्ही आमचे मत मांडतो.

२०१५ साली फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा उघडकीस आला. अमेरिकेत कंपनीने गाड्या विकत घेतल्या. सप्टेंबर २०१५ चा भाव धरून आणि गाडी किती धावली याचा हिशेब करून. गाडी चालू स्थितीत हवी, ही अट होती. भारतात मात्र ३,२३,७०० गाड्या केवळ दुरुस्तीसाठी बोलावल्या.

२०१९ च्या दुरुस्तीने आपल्या मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले. सरकारने गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिल्यास कंपनीने पूर्ण किंमत द्यावी, गाडी बदलून द्यावी किंवा दुरुस्त करावी. किंमत मिळताना कर्जाचा करार मात्र विचारात घेतला जातो.

आमच्या मते दोष ब्रेक, स्टिअरिंग किंवा आगीचा असेल, तर घरची माणसे त्यात बसवूच नयेत, बसने जावे. दोष फक्त धुराचा असेल, तर बेताने चालवावी, कारण उभ्या गाडीचीही बॅटरी उतरते.

हप्ता आणि विमा थांबवू नये. हप्ता चुकला तर पत आपली जाते, कंपनीची नाही. किलोमीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो ठेवावा. आणि ‘चालवू की नको?’ याचे उत्तर कंपनीकडून लेखीच घ्यावे.